जुनाट कासातील वाताचा वाटा : श्वासमार्गाचे चेतातंतू आणि आपली औषधे

तळीये पंचक्रोशीतील एका वाडीवरचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिन्यात आमच्या चिकित्सालयात आले. तरुणपणी मुंबईस गिरणीत नोकरी, 1982 च्या संपानंतर गावी परत, नंतर भातशेती. गिरणी सुटली, विडी सुटली नाही. दरवर्षी पाऊस लागला की खोकला, पहाटे वाटीभर पांढरा चिकट बेडका, चढण चढताना धाप, छातीत घुरघुर. थुंकीची तपासणी आधीच झालेली होती व तीत क्षय नव्हता. आम्ही कफप्रधान कास, तमकश्वासाचा अनुबंध असे निदान करून कनकासव, सितोपलादी आणि अडुळशाचा काढा दिला. पंधरा दिवसांत उतार पडला. रुग्ण समाधानी, आम्हीही समाधानी.

श्रावणात एके रात्री घरच्यांनी त्यांना जीपमधून आणले. धाप नव्हती. सकाळपासून लघवी झालेली नव्हती, ओटीपोट दगडासारखे लागत होते, जीभ कोरडी ठणठणीत, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, आणि ते समोर नसलेल्या माणसांशी बोलत होते. रुग्णालयात नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यात आले. दोन दिवसांत शुद्धही निवळली. नंतर उलगडा झाला तो असा. मुंबईच्या मुलाने तेथील डॉक्टरांकडून ओढण्याच्या कॅप्सूल आणून दिल्या होत्या. त्यांत टायोट्रोपियम होते. सर्दीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्या चालू होत्या. त्यांतील क्लोरफेनिरामाइनही मूत्राशय मंदावणारे. प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेली होतीच. आणि कनकासवाने बरे वाटते म्हणून त्यांनी मात्रा आपणहून दुप्पट केली होती. एकट्या कनकासवाने हे घडले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु 'दुसरे कोणते औषध चालू आहे का' हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. चूक आमची होती, आणि ती का घडली याचा विचार करता करता हा लेख तयार झाला.

दोन वेगवेगळ्या फडताळांतील औषधे शरीरात एकाच ठिकाणी जाऊन एकच काम करीत होती. ते ठिकाण म्हणजे श्वासनलिकांच्या भिंतीतील चेतातंतूंची टोके. जुनाट कासात आपले लक्ष कफावर असते. तो दिसतो, मोजता येतो, रुग्णही त्याचीच तक्रार करतो. आधुनिक व्याख्याही कफावरच उभी आहे : सलग दोन वर्षे, प्रत्येक वर्षी किमान तीन महिने कफयुक्त खोकला, आणि त्यास दुसरे कारण नाही, म्हणजे क्रॉनिक ब्राँकायटिस. कफ निर्माण करणाऱ्या ग्रंथींना आणि नलिका आवळणाऱ्या स्नायूंना हुकूम कोण देतो, हा प्रश्न मागे राहतो.

चरकाचार्यांनी तो मागे ठेवलेला नाही. कासाची संप्राप्ती सांगताना ते अधोमार्गी अडलेला वायू ऊर्ध्वगामी होतो, उदानाशी जोडला जातो, ऊर, कंठ व शिर येथील स्रोतसे व्यापतो आणि देहास आक्षेप देत बाहेर पडतो, असे वर्णन करतात. कास कोणत्याही दोषाचा असो, त्याची गती वायूची आहे. हिक्का-श्वास चिकित्सेत तर त्यांनी या व्याधींना कफवातात्मक म्हटले असून कारणांत धूळ आणि धूर यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आपण ग्रंथ पाठ केला, पण चिकित्सापत्रावर बहुधा कफच लिहिला.

येथे एक सावधगिरी. दहावी शीर्षनाडी, म्हणजे व्हेगस, हीच वायू, असे समीकरण मांडण्याचा मोह आम्हांस नाही. अशा जुळवाजुळवीने ना आयुर्वेद मोठा होतो, ना शारीरशास्त्र. परंतु नाडीचे काम समजून घेतल्याने आपले औषध कोठे लागू पडते आणि कोठे घात करते हे कळते.

श्वासमार्गाकडे जाणारे व तेथून येणारे बहुतेक चेतातंतू व्हेगसमधून जातात. आतून मेंदूकडे वार्ता नेणारे तंतू ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक जलद गतीचे, पातळ आवरण असलेले. स्वरयंत्र, श्वासनाल आणि मोठ्या नलिकांत पसरलेले. अन्नाचा कण, बेडक्याचा गोळा किंवा आम्लाचा शिंतोडा लागला की हे तत्क्षणी खोकला उठवितात. दुसरे सी-तंतू, आवरणहीन, मंद गतीचे, पण संख्येने पुष्कळ. हे स्पर्शापेक्षा रसायने ओळखतात : धुरातील तिखट वायू, दाहातून स्रवणारी द्रव्ये, उष्णता. यांच्या टोकांवर टीआरपीव्ही-1 नावाचा ग्राही असतो. मिरचीतील कॅप्सेसिनने तो उघडतो. 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो शोधून काढला आणि 2021 साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच्या शेजारचा टीआरपीए-1 हा ग्राही मोहरीच्या झणझणीतपणाने उघडतो, तसाच लाकडाच्या व तंबाखूच्या धुरातील अ‍ॅक्रोलिननेही उघडतो. फोडणीचा ठसका आणि चुलीचा ठसका एकाच दारातून आत येतात, हे आमच्या रुग्णांना सांगताना फार उपयोगी पडते.

वार्ता मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात पोहोचते. तेथून उत्तर येते ते पुन्हा व्हेगसमधूनच. नलिकांच्या भिंतीतील चेतागंडिकांपाशी शेवटचा तंतू सुरू होतो आणि त्याच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन सुटते. ते स्नायूंवर पडले की नलिका आवळतात, ग्रंथींवर पडले की कफ सुटतो. दोन्ही कामे मुख्यत्वे एम-3 नावाच्या ग्राहीमार्फत होतात. तंतूच्या टोकावर एम-2 नावाचा दुसरा ग्राही लगामाचे काम करतो. अ‍ॅसिटिलकोलिन पुरेसे सुटले की पुढचा स्राव थांबवितो. विषाणूंचा संसर्ग आणि ओझोन वायू यांनी हा लगाम सैल पडतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. एक साधी सर्दी महिनाभर छातीत का रेंगाळते, त्याचे एक उत्तर येथे असावे.

निरोगी मनुष्यातही व्हेगसचा थोडासा ताण नलिकांवर कायम असतो आणि तो जाणवत नाही. जुनाट कासात नलिकेची भिंत आधीच जाड, आत कफ. संथ प्रवाहात त्रिज्या निम्मी झाली की रोध सोळापट होतो. म्हणून जो ताण निरोग्यास काहीच करीत नाही, तोच येथे धाप लावतो. या रोगात भिंतीची झीज व जाडी परत फिरत नाही. जे परत फिरविता येते त्यात या ताणाचा वाटा सर्वांत मोठा. आधुनिक चिकित्सेत टायोट्रोपियमसारख्या औषधांना स्थान मिळाले ते यामुळेच.

आणि वर्षानुवर्षे धूर लागलेल्या नलिकेत संवेदी तंतूच बदलतात. त्यांचा उंबरठा खाली येतो. या रुग्णांना कॅप्सेसिनचे तुषार हुंगविले असता निरोग्यांपेक्षा पुष्कळ कमी मात्रेत खोकला सुटतो, हे अनेक ठिकाणी मोजले गेले आहे. कफ काढून टाकला तरी खोकला राहतो, थंड वारा, हसणे, मोठ्याने बोलणे, उदबत्ती एवढ्यानेही उबळ येते, ते यामुळे. आम्ही आता प्रत्येक जुनाट कासाच्या रुग्णास विचारतो : घरात फोडणी पडली की तुम्हांला इतरांपेक्षा आधी ठसका लागतो का? उत्तर 'होय' असेल तर कफाइतकीच वाताची चिकित्सा लागणार हे आम्ही गृहीत धरतो. ही प्रमाणित कसोटी नव्हे, आमचा व्यवहार आहे.

चेतातंतूंचे दुखणे छातीत प्रकटते हे महाड-पोलादपूरच्या वैद्यांस कोणी शिकविण्याची गरज नसावी. कोकणातील लाल विंचू चावला की विष चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. आधी घाम, लाळ, वांती. मग रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडास गुलाबी फेस येतो. फुप्फुसाचा कोणताही पूर्वीचा रोग नसताना. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व नंतर महाडमध्ये या दंशाचा अभ्यास करून 1982 व 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांनी वापरलेले प्राझोसिन हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते विषास मारीत नाही, चेतातंतूंचा हुकूम जेथे पोहोचतो तेथे अडविते. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशात हा हुकूम मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांवर चालतो आणि कासात व्हेगसचा चालतो, हा भेद मोठा आहे. पण तर्क तोच : कफ किंवा पाणी दिसले म्हणून मूळ तेथेच आहे असे नाही.

आपल्या औषधांकडे

धोतऱ्याचा धूर ओढून दमा शमविण्याची चाल भारतातून युरोपात गेली. मद्रासहून जनरल जेंट यांनी 1802 साली ती ब्रिटनमध्ये नेली, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे तेथील औषधविक्रेते धोतऱ्याच्या सिगारेटी विकीत होते. 1833 साली अ‍ॅट्रोपीन शुद्ध रूपात वेगळे झाले. ते मेंदूत शिरते, हृदय धावडविते, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत विद्युत्भार घालून ते रक्तात व मेंदूत सहज शिरणार नाही असे केले; त्यातून 1970 च्या दशकात इप्राट्रोपियम आणि 2002 साली टायोट्रोपियम बाजारात आले. म्हणजे आमच्या रुग्णाच्या मुलाने मुंबईहून आणलेली कॅप्सूल आणि आम्ही दिलेले कनकासव ही एकाच घराण्यातील औषधे होती. आम्ही त्या घराण्यास आपले म्हणून अभिमान मिरवितो, पण कुलवृत्तांत वाचीत नाही.

भैषज्यरत्नावलीतील कनकासवात धोतऱ्याचे सर्व अंग कुटून पडते. सोबत वासा, यष्टिमधु, पिंपळी, कंटकारी, नागकेशर, सुंठ, भारंगी, तालीसपत्र. रचना विचारपूर्वक आहे. परंतु धोतऱ्यातील हायोसायमीन व हायोसीन यांचे प्रमाण झाडाचे अंग, वय, ऋतू आणि जमीन यांनुसार बदलते. हायोसीन मेंदूत शिरते. रुग्ण बरळू लागला तो त्यामुळेच असावा. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये धोतऱ्याचे बी आहे आणि त्यातील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे आवश्यक आहे. फार्मसीचालक बंधूंस आमची विनंती अशी की, बी व पंचांग यांत फरक करून येथे सुटका शोधू नये. प्रत्येक घाण्यातील एकूण अल्कलॉइड मोजून घ्यावे, मोजमापाची झाकणी बाटलीसोबत द्यावी, आणि काउंटरवर बसणाऱ्या मुलास दोन प्रश्न शिकवावेत : लघवीचा त्रास आहे का, आणि ओढण्याचे औषध चालू आहे का. काचबिंदूचे रुग्णही याच यादीत येतात. आमच्या माहितीच्या एका विक्रेत्याकडे कनकासव 'दम्याचे टॉनिक' म्हणून खपते. टॉनिक या शब्दाने बाटली लवकर संपते, हे आम्ही पाहिले आहे.

दुसरी गोष्ट मात्रेपेक्षा निवडीची. अ‍ॅट्रोपीनवर्गीय द्रव्ये स्राव सुकवितात. ज्याचा बेडका आधीच घट्ट, चिवट, सुटता सुटत नाही, त्यास धोतरा दिला की तो आणखी चिकटतो. इप्राट्रोपियम-टायोट्रोपियम ओढून घेतल्याने हा दोष फारसा येत नाही. पोटात घेतलेल्या कनकासवास ती सवलत नाही. पातळ, पुष्कळ, फेसाळ कफ आणि रात्री आवळून येणारी छाती, येथे ते शोभते. इतरत्र आधी स्नेहन.

स्नेहनाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, श्वासाच्या रुग्णास छातीस सैंधवयुक्त तेल चोळून स्वेद द्यावा हा चरकोक्त क्रम आमच्या पिढीने बराचसा सोडला. वेळ लागतो, पैसे मिळत नाहीत. परंतु आमच्या रुग्णांत आवळलेली छाती मोकळी होऊन कफ सुटण्यास याइतका निर्धोक उपाय आम्हांस दुसरा आढळलेला नाही.

अडुळशाची कथा अधिक सुखद आहे. 1888 साली डेव्हिड हूपर यांनी त्यातून व्हॅसिसीन वेगळे केले. 1959 साली भारतीय संशोधकांनी 'नेचर'मध्ये व्हॅसिसिनोनच्या नलिका सैल करणाऱ्या गुणाची नोंद केली. व्हॅसिसीनच्या रेणूवरूनच जर्मनीत 1960 च्या दशकात ब्रोमहेक्सिन घडविले गेले आणि त्याचे शरीरात होणारे रूपांतर म्हणजे अ‍ॅम्ब्रोक्सॉल. अ‍ॅम्ब्रोक्सॉल कफ पातळ करते हे सर्वांस ठाऊक. ते चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग अडवून स्थानिक बधिरताही आणते, म्हणून घसादुखीच्या चघळण्याच्या गोळ्यांत ते वापरतात. अडुळशाच्या रसाने हेच होते असा दावा यावरून करता येणार नाही. गर्भिणीस मात्र अडुळसा देऊ नये. व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन करते.

पिंपळीबाबत दोन बाबी. पिपेरिन टीआरपीव्ही-1 ग्राहीवर काम करते. कॅप्सेसिन वारंवार लागले की हे ग्राही आधी चेतून मग थकतात. वर्धमान पिप्पलीच्या क्रमात असे काही घडते का, हे तपासण्याजोगे आहे, आणि आपल्या महाविद्यालयांनी प्रबंधासाठी असे विषय घ्यावेत. दुसरी बाब अधिक तातडीची. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात पिपेरिनने निरोगी व्यक्तींत थिओफिलिनचे रक्तातील प्रमाण वाढविलेले आढळले. थिओफिलिनच्या गोळ्या आजही खेडोपाडी वर्षानुवर्षे घेतल्या जातात, आणि उपकारक व अपायकारक मात्रा यांत तिचे अंतर थोडे. त्रिकटू आणि सितोपलादी चालू करताच रुग्णास धडधड, मळमळ, हातास कंप सुरू झाला, तर त्यास 'उष्ण पडले' म्हणून सोडून देऊ नये.

कापूर व पुदिन्याचे सत्त्व छातीस चोळल्याने श्वास मोकळा वाटतो. वाटतो एवढेच. पुदिन्यातील मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या तंतूंना चेतविते. नलिका तेवढीच अरुंद राहते. रात्रीच्या झोपेपुरते ते द्यावे, पण ओठ निळसर दिसत असताना त्याच्या भरवशावर पहाटेची वाट पाहू नये. यष्टिमधु कोरड्या उबळीस उत्तम. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत मात्र रक्तदाब वाढविते व पोटॅशियम घटविते.

खोकला पूर्णपणे दाबण्याचा हट्टही चुकीचा. 2022 साली जपानमध्ये गेफापिक्संट या संवेदी तंतूंवरील औषधास मान्यता मिळाली. ते कशानेही न जाणाऱ्या चिवट खोकल्यासाठी आहे आणि अनेकांची चव घालविते. ज्याच्या छातीत रोज वाटीभर कफ तयार होतो, त्याचा खोकला हा त्याचा झाडू आहे. अफूयुक्त किंवा तत्सम औषधांनी तो थांबविला, तर कफ तेथेच राहतो.

धूर आणि पाऊस

वैशाखात या भागात शेतकरी राब भाजतात. दाढीच्या जागेवर पालापाचोळा, शेण, काटक्या जळत असतात आणि धूर सायंकाळी खाचरांत साचून राहतो. पावसाळ्यात ओले सरपण, बंद दारे, आणि चूल. 2009 साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडले की, या रोगाचे जगभरातील फार मोठ्या संख्येने रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले असतात आणि सरपणाचा धूर हे त्याचे प्रमुख कारण आहे. 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर आमच्याकडे बहुतेक घरांत सिलिंडर दिसतो. चहा त्यावर, भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर.

तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर 22 जुलै 2021 रोजी डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर परिसरातील काही रुग्णांत आम्हांस एक गोष्ट दिसली. पूर्वीच कास असलेल्या रुग्णांची धाप पाऊस जोराने वाजू लागताच वाढते. छाती तपासावी तर घुरघुर दिवसासारखीच. यास 'मनाचे' म्हणून बाजूस सारणे आम्हांस मान्य नाही. भय आणि शोक यांनी वायू कुपित होतो हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. आणि ज्या केंद्रात खोकल्याची वार्ता पोहोचते ते केंद्र मेंदूच्या वरच्या भागांचेही ऐकते, हे आज माहीत आहे. अशा रुग्णास आम्ही रात्रीच्या औषधाची मात्रा वाढवीत नाही. अभ्यंग, स्वेद, ओठ आवळून संथ उच्छ्वास सोडण्याचा सराव, आणि अंथरुणाशेजारी घरातले कोणी. पूर्ण गुण येतो असे नाही.

सुरुवातीच्या गृहस्थांचे कनकासव आम्ही बंद केले. ओढण्याचे औषध मुंबईच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, प्रोस्टेटची तपासणी करून, पुन्हा सुरू झाले. आमच्याकडून अडुळसा व छातीस तेल-शेक चालू आहे. विडी दिवसास दोनवर आली आहे, असे ते सांगतात. गेल्या मार्गशीर्षात आम्ही त्यांच्या घरी गेलो असता त्यांच्या पत्नी आत चुलीपाशी होत्या. कढईत मिरची पडली आणि आम्हां कोणासही ठसका लागण्यापूर्वी त्यांना लागला. तो थांबेपर्यंत त्या भिंतीस टेकून उभ्या राहिल्या. विचारले तर म्हणाल्या, "मला कुठं काय झालंय? ते तर रोजचंच हाय." विडीस त्यांनी कधी हात लावलेला नाही, आणि इतकी वर्षे नवऱ्यासोबत चिकित्सालयात येऊन बाकावर बसत असूनही आम्ही त्यांची छाती एकदाही तपासली नव्हती. त्यांचा केसपेपर त्या दिवशी काढला, आणि थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी प्रथम लिहिली.